दुरुस्तीची डिस्क आणि दफनाची वही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. असरची नमाज झाली होती. पलीकडच्या गल्लीतल्या एक खाला आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, घरपट्टीची पावती आणि घडी घालून घालून फाटत आलेला सात-बारा. अब्बांना म्हणाल्या, "मास्तर, आमच्या ह्यांची तारीख काढून द्या. तलाठी म्हणतात दाखला आणा, ग्रामपंचायत म्हणते नोंदच नाही."

त्यांचे मिस्टर गवंडीकाम करायचे. वारले तेव्हा घरात लिहिता-वाचता येणारं कुणी नव्हतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. हा कायदा १९६९ चा आहे, पण आपल्यातल्या किती घरांत तो पोचलाय, हे आपण सगळे जाणतो. वर्षाहून जास्त उशीर झाला की दंडाधिकाऱ्यांच्या पातळीवरचा आदेश लागतो, आणि तिथे पहिला प्रश्न असतो : पुरावा काय? खालांकडे पुरावा एकच होता. "रमजान लागायच्या आधीची जुम्मेरात होती. धाकटी पोटात होती." धाकटी २०१० च्या सुरुवातीची. म्हणजे साल २००९.

अब्बा म्हणाले, "बसा. वहीत असणार."

आता ही वही म्हणजे काय ते सांगतो. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णेच्या काठचं. अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर जमातीने त्यांच्यावर कब्रस्तानच्या नोंदीचं काम सोपवलं. अगदी जुन्या वह्या उर्दूत होत्या, नंतरच्या मोडक्यातोडक्या मराठीत. अब्बांनी शिस्त लावली. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, राहण्याचं ठिकाण, इसवी तारीख, हिजरी तारीख, वार, कबरीची ओळ आणि मातीला हजर असलेल्या दोघांची नावं. सगळं मराठीत. कुणीतरी विचारलं होतं, उर्दूत का नाही? अब्बांचं उत्तर साधं होतं. ही वही मेलेल्यांसाठी नाही, मागे राहिलेल्यांसाठी आहे. मागे राहिलेल्यांना ती तलाठ्यासमोर, ग्रामसेवकासमोर, कोर्टात दाखवायची आहे. तिथे जी भाषा वाचतात ती लिहायची.

शिवाय आमच्याकडे बहुतेक कबरी कच्च्या. माती, वर दोन दगड, फार तर एखादं मोगऱ्याचं रोप. चार पावसाळे गेले की ती माती जमिनीला मिळते. ना नाव, ना तारीख. कोण कुठे झोपलंय हे सांगणारी जागा एकच, ती वही.

अब्बांनी या नोंदी कॉम्प्युटरवर टाइप करायला घेतल्या, तेव्हा जमातीतले काही जण हसले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी मशिदीच्या ऑफिसात शिरलं आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवरच्या वह्यांचा लगदा झाला. मग कुणी हसलं नाही. आमच्या घराच्या माडीवरचा तो मळकट पांढरा डबा तेवढा कोरडा राहिला होता. त्यात सगळं होतं. आणि फक्त त्यातच होतं.

हे वाक्य लिहिताना आज मला लाज वाटते. मी स्वतः कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस. "अब्बा, एकदा सगळं पेनड्राइव्हवर घेऊ," असं मी प्रत्येक ईदला म्हणायचो आणि शीरखुर्मा खाऊन पुण्याला परत जायचो.

तर खाला बसल्या. अम्मीने चहा ठेवला. अब्बांनी बटण दाबलं. पंखा घुरघुरला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली : 'बूटमॅनेजर इज मिसिंग'. खाली सूचना, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच ओळ. दहा वेळा केलं. आदल्या रात्री वीज तीन-चारदा गेली-आली होती आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती.

अब्बा हळू आवाजात म्हणाले, "गया क्या रे सब?"

मी सुट्टीवर आलो होतो म्हणून बरं. आधी बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न बघताच निदान केलं, "विंडोज उडालंय. घेऊन या, फॉरमॅट मारून देतो." हा 'फॉरमॅट मारणे' वाक्प्रचार आपल्याकडे इतका रुळलाय की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. अर्थ असा : घराच्या दाराचं कुलूप अडकलंय, म्हणून आतल्या सामानासकट घर पाडून नवीन बांधू.

'बूटमॅनेजर' गेला म्हणजे सामान गेलं असं नाही. कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी एक छोटा कार्यक्रम जागा होतो आणि विंडोज कुठे आहे ते दाखवतो. तो सापडत नव्हता, एवढंच. हार्ड डिस्क आवाज न करता नीट फिरत होती. म्हणजे फाइली आत असण्याची दाट शक्यता होती. हवी होती फक्त बाहेरून आत जायची वाट. ती वाट म्हणजे रिकव्हरी डिस्क.

माझ्या पिढीला ही गोष्ट नवी नाही. आम्ही कॉम्प्युटरच्या क्लासला जायचो तेव्हा विंडोज ९८ होतं. सरांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून एक फ्लॉपी आणवली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये, प्रोग्राम टाका-काढायच्या खिडकीत, 'स्टार्टअप डिस्क' नावाचा एक भाग असायचा. १.४४ एमबीच्या त्या फ्लॉपीत कॉम्प्युटर जागा करण्यापुरतं सामान मावायचं. विंडोज एक्सपीत मूळ सीडीवरून सुरू करून 'आर' दाबलं की रिकव्हरी कन्सोल मिळायचा. विंडोज ७ मध्ये 'सिस्टिम रिपेअर डिस्क' बनवायची सोय आली. विंडोज ८ पासून हेच काम पेनड्राइव्हवर होऊ लागलं. अब्बांचा डबा विंडोज ७ चा. २०१२ साली सुटे भाग जोडून घेतलेला. जोडणाऱ्याने स्वतःच्या डिस्कवरून विंडोज टाकलं आणि डिस्क खिशात घालून गेला. आमच्याकडे काहीच नव्हतं.

रिपेअर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवली तरी चालते, पण तोही विंडोज ७ चाच हवा. या विंडोजचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपलाय. आता गावात ते कुणाकडे असणार? अम्मीलाच आठवलं, "वो शादी के कार्डवाला नै क्या, तुम्हारे अब्बा का शागिर्द?"

स्टँडजवळ त्याचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, गणेशोत्सवाच्या पावत्या, उरुसाची पत्रकं, सगळं तिथेच छापलं जातं. चौथीत अब्बांच्या हाताखाली होता. त्याचं जुनं डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि जुने मराठी फाँट नव्या विंडोजवर धड चालत नाहीत, म्हणून त्याने विंडोज ७ जपून ठेवलं होतं. इंटरनेटची वायर मुद्दाम काढलेली. मी कारण सांगितलं. तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "पाच मिनिटं थांबा, गुरुजींचं काम आहे."

डिस्क बनवायला खरोखर पाचच मिनिटं लागली. स्टार्टच्या रकान्यात 'रेकडिस्क' असं इंग्रजीत टाइप करायचं. एक छोटी खिडकी येते. त्यात डीव्हीडी रायटर निवडायचा, कोरी सीडी घालायची, 'क्रिएट डिस्क' दाबायचं. नाव माहीत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर'मध्ये गेलं की डाव्या बाजूला हाच पर्याय दिसतो. सगळं मिळून दीडशे एमबीच्या आसपास, म्हणजे साधी सीडीही पुरते. दुकानात लग्नाच्या शूटिंगसाठी आणलेल्या कोऱ्या डिस्कची चळत धूळ खात पडली होती. त्यातली वरची खराब निघाली, दुसरी चालली.

घरी आलो. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटची कळ दाबून सेटअपमध्ये गेलो, सुरुवातीच्या क्रमात डीव्हीडी पहिल्या नंबरावर आणली. 'सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा' अशा अर्थाची ओळ आली. अब्बांनीच कळ दाबली. खिडकी उघडली, विंडोज सापडलं, आणि पुढच्या क्षणी निरोप आला : ही डिस्क तुमच्या विंडोजशी जुळत नाही.

चूक माझीच होती. विंडोज ७ दोन प्रकारचं असतं, ३२ बिट आणि ६४ बिट. एकाची डिस्क दुसऱ्याला चालत नाही. दुकानातला कॉम्प्युटर ६४ बिटचा होता, अब्बांचा डबा दोन जीबी रॅमचा, ३२ बिटचा. हे मी आधीच ओळखायला हवं होतं. खाला अजून बसून होत्या. त्यांना वाटलं, आपल्यामुळेच काहीतरी बिघडलं. म्हणाल्या, "राहू द्या मास्तर, मी उद्या येते." अब्बा म्हणाले, "उद्या नको. आज काढून देतो."

पुन्हा स्टँड. तोवर दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. बिलं काढायला ठेवलेला त्याचा दुसरा, आणखी जुना कॉम्प्युटर ३२ बिटचा निघाला. त्यावर दुसरी डिस्क बनवली. पैसे विचारले तर म्हणाला, "गुरुजींनी मला मराठीचा फॉर्म भरायला शिकवलं, तेव्हा पैसे घेतले होते का?"

या वेळी डिस्क जुळली. पाच पर्यायांची यादी आली. पहिला 'स्टार्टअप रिपेअर'. माझा हात तिकडे गेला, पण थांबलो. दुरुस्ती करताना काही बिनसलं तर? आधी सामान बाहेर, मग भिंतीला हात. म्हणून शेवटचा पर्याय निवडला, 'कमांड प्रॉम्प्ट'. काळी खिडकी उघडली. सुरुवातीला 'एक्स' असं अक्षर. अब्बा म्हणाले, "हा एक्स कोण? आपल्याकडे तर सी आणि डी होते." एक्स म्हणजे मेमरीत तात्पुरता उभा केलेला तंबू, काम झालं की उठणार. आणि इथे आल्यावर घरातली अक्षरंही बदलू शकतात. आमच्या डिस्कच्या सुरुवातीला विंडोजने स्वतःसाठी १०० एमबीचा एक लपवलेला कोपरा ठेवला होता, तो इथे 'सी' झाला होता आणि खरा सी 'डी' झाला होता. हे माहीत नसेल तर माणूस सी उघडतो, तो रिकामा दिसतो आणि छाती धडधडायला लागते. माझीही धडधडलीच.

आता एक युक्ती, जी ज्याला त्याला सांगावी अशी आहे. त्या काळ्या खिडकीत 'नोटपॅड' असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारायचं. साधं नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, मग ओपन. खाली 'ऑल फाइल्स' निवडायचं. मग त्याच छोट्या खिडकीत सगळी घरं, सगळे फोल्डर दिसतात. हवा तो फोल्डर उजव्या बटणाने कॉपी करायचा आणि पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट करायचा. पेनड्राइव्ह कॉम्प्युटर सुरू करण्याआधीच लावून ठेवलेला बरा. कॉपी होताना पडद्यावर काहीच हलत नाही. अडकलं म्हणून घाईने बंद करू नये, थांबावं.

आम्ही थांबलो. मगरिबची अजान झाली. अब्बा नमाजला गेले, परत आले. तेव्हा खिडकी हलली होती. 'दफन' नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर होता, आत वर्षावार फाइली.

अजून एक गोष्ट उरली होती. अब्बांचं टाइपिंग जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमधलं, युनिकोड नाही. अशी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल वाचली पण फाँट गेला, तर नावं असूनही वाचता येणार नाहीत. म्हणून विंडोजच्या आतल्या 'फाँट्स' फोल्डरातले सगळे फाँटही कॉपी कमांडने बाहेर काढले. जुन्या मराठी मजकुराच्या बाबतीत हे विसरणारे फार जण मला भेटलेत. आपल्या कितीतरी संस्थांची इतिवृत्तं, स्मरणिका, कुणाकुणाच्या आजोबांच्या आठवणी अशा न वाचता येणाऱ्या खिचड्यात पडून आहेत.

मगच 'स्टार्टअप रिपेअर' चालवलं. पहिल्यांदा काही झालं नाही. ही दुरुस्ती एका फेरीत होतेच असं नाही, दोन-तीनदा चालवावी लागते. दुसऱ्या फेरीनंतर डिस्क काढली, कॉम्प्युटर सुरू केला, आणि विंडोजचे ते चार रंग पडद्यावर एकत्र येताना दिसले. अम्मी म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह." खाला काही बोलल्या नाहीत. पदर डोक्यावर नीट घेतला.

अब्बांनी २००९ ची फाइल उघडली. त्या वर्षी आपल्याकडे पहिला रोजा २३ ऑगस्टला होता. त्याच्या आधीची जुम्मेरात म्हणजे २० ऑगस्ट. त्या तारखेला एकच नोंद. नाव, वडिलांचं नाव, वय ४१, धंदा गवंडी, ओळ सातवी, चिंचेच्या बाजूला. हजर असलेल्या दोघांपैकी एक आता स्वतःच त्याच कब्रस्तानात आहेत. दुसरे हयात आहेत, साक्ष द्यायला येऊ शकतात.

अब्बांनी वाचून दाखवलं. खालांनी विचारलं, "सातवी ओळ? मी इतकी वर्षं पाचवीत फातेहा पढत होते."

खोलीत कुणाला काय बोलावं ते सुचेना. मग अब्बा म्हणाले, "फातेहा ओळ बघत नाही, बेटा. पोचलेली आहे."

त्या रात्री मी ते सगळं फोल्डर नीट पाहिलं. २०२० आणि २०२१ च्या फाइली सर्वांत मोठ्या. एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी, त्या वर्षी एका आठवड्यात तेवढ्या. काही नोंदींपुढे अब्बांनी जास्तीची एक ओळ लिहिली होती : 'मुलगा मुंबईत, येऊ शकला नाही', 'जनाजाला पाच जण'. कुणी सांगितलं नव्हतं, रकानाही नव्हता. शिक्षकाची सवय. गैरहजर कोण आणि का, हे लिहून ठेवायचं.

आणि हे सगळं मी एका मेलेल्या बॅटरीच्या भरवशावर सोडलं होतं. आपण अमानत हा शब्द फार वापरतो. खुतब्यात ऐकतो, लग्नात बोलतो. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असणं एवढंच नाही. ती मागायला कुणी येईल त्या दिवशी ती देता येणं, हे तिचं खरं मोजमाप. खाला त्या दिवशी अमानत मागायला आल्या होत्या, आणि आम्ही ती जवळजवळ हरवून बसलो होतो. वाईट नियतीने नव्हे. 'पुढच्या ईदला करू' या सवयीने.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. तीन प्रती केल्या. एक पेनड्राइव्ह जमातीच्या ऑफिसात वरच्या फळीवर, एक माझ्याकडे पुण्यात, आणि अब्बांच्या हट्टाखातर एक कागदावर छापून, बांधून. ते म्हणाले, "कागद पाण्याने जातो, हे विजेने जातं. दोघं एका दिवशी जायचे नाहीत." जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलायचं काम माझी भाची करते आहे. काही जोडाक्षरं बदलताना बिघडतात, म्हणून प्रत्येक नाव अब्बा डोळ्यांखालून घालतात. नावात चूक चालत नाही.

तुमच्या घरात, मशिदीत, मंडळात, वाचनालयात असा एखादा जुना डबा अजून चालू असेल, तर तो चालू आहे तोवरच डिस्क बनवा. बिट कोणतं ते आधी बघा. डिस्कवर लिहून ठेवा. बनवल्यावर एकदा त्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होतो का ते तपासा, कारण न तपासलेली डिस्क ही नुसती चकती असते. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की रिपेअर डिस्कमध्ये तुमच्या फाइली नसतात. विंडोजसुद्धा नसतं. ती फक्त दार उघडून देते. सामान वेगळं जपावं लागतं.

आमची डिस्क अब्बांनी एका कागदी पाकिटात घातली आणि घराचं खरेदीखत ज्या ट्रंकेत आहे तिथे ठेवली. पाकिटावर त्यांच्या मास्तरी अक्षरात लिहिलंय : 'दुरुस्तीची डिस्क. ३२ बिट. आधी फाइली बाहेर काढाव्यात.' खाली तारीख, इसवी आणि हिजरी दोन्ही.

खालांचं प्रकरण अजून चालू आहे. साक्ष झाली, वहीच्या उताऱ्यावर जमातीचा शिक्का झाला, पुढची तारीख पडली आहे. पण सातव्या ओळीत, चिंचेच्या बाजूला, आता एक मोगरा लावलेला दिसतो.